अण्णांची डावी

खोक्यात एकूण सतरा वस्तू होत्या. मागच्या दारापासून दिव्यापर्यंत जाणारा ॲल्युमिनियमचा सलग पत्रा, ज्याला गॅरेजात सगळे क्वार्टर म्हणत, तो एक. गोंदाच्या नळ्या चार, त्यांना बसवायच्या चोची सहा, आवाज अडवणारे फोमचे ठोकळे तीन, रिव्हेटची पाकिटं दोन आणि कशासाठी ते कुणालाच पटकन सांगता येईना अशी एक वाकडी पट्टी. मधलीने सगळं पुठ्ठ्यावर ओळीने मांडलं. एकदा डावीकडून मोजलं, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा सतराच भरले.

"सगळं आलं," ती म्हणाली.

थंडीत मागवलेला पत्रा उन्हाळा उतरणीला लागल्यावर आला होता. मधल्या काळात कंपनीच्या पोर्टलवरची तारीख इतक्या वेळा पुढे सरकली होती, की काकाने सकाळी चहाआधी ती बघायची आणि चहानंतर कुणाशी तरी भांडायचं असा घराचा शिरस्ता पडला होता. कारखाना आधी नव्या गाड्यांना पत्रे देणार, उरले तर दुरुस्तीला, हे उत्तर प्रत्येक वेळी नव्या शब्दांत आणि तितक्याच गोड भाषेत यायचं.

म्हणून रविवार असूनही चौघं आली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून, कारण दुपारी गाडीच्या मालकीणबाई येणार होत्या. आत्या रंगाच्या बूथमधून तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून. बाबा रोजच्या कामाच्या कपड्यांत. आणि मधली, म्हणजे बाबांच्या तीन मुलींतली मधली, जिला शाळेतल्या हजेरीपुरतंच दुसरं नाव होतं.

बाबांनी पत्रा दोन्ही हातांनी उचलला. ओठ पुढे काढून त्याच्या वजनाचा अंदाज घेतला. लोखंडी पत्र्याची सवय असलेल्या हातांना ॲल्युमिनियम नेहमीच फसवतं. त्यांनी जरा जास्तच जोर लावला आणि पत्रा अपेक्षेपेक्षा वर गेला. मग तो उजेडाकडे धरताना त्यांना त्यातून पलीकडची भिंत दिसली.

"हे भोक कसलं?"

"चार्जिंगचं," मधली म्हणाली. "तिथे झाकण बसतं आणि..."

तिची नजर काचेच्या खोलीकडे गेली.

काचेच्या खोलीत गाडी उभी होती. मागचा बंपर काढलेला, एक दिवा काढलेला, आणि मागच्या चाकावर, दाराच्या कडेला चिकटून, ताटाएवढा पोचा. पोचा होता गाडीच्या उजव्या अंगाला. चार्जिंगचं झाकण होतं डाव्या अंगाला, धडधाकट.

"दुसऱ्या बाजूचा आलाय," आत्या म्हणाली.

काकाचा चेहरा उलट उजळला. "म्हणजे कंपनीने घोळ घातला. उत्तम. आता बघतो त्यांच्याकडे. इतके महिने आमचा जीव टांगणीला लावून वर हे? दादा, फोटो काढ. नको, तू नको, तुझा अंगठा येतो मध्ये. मधले, तू काढ."

मधलीने फोन हातात घेतला होता, पण फोटोसाठी नाही. तिने ऑर्डर उघडली होती. पार्टचा नंबर लांबलचक होता आणि शेवटचा आकडा विषम होता. विषम म्हणजे डावी, सम म्हणजे उजवी. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"काका, कंपनीने बरोबर पाठवलाय. मी डावाच मागवला होता."

"डावा? तुला डावा कुणी सांगितला?"

"बाबांनी फोनवर सांगितलं, उजवा."

"मग?"

"म्हणून मी डावा मागवला."

काकाने आधी तिच्याकडे, मग बाबांकडे आणि शेवटी छताकडे पाहिलं.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणं कठीण होतं, घरातल्याला गरज नव्हती. अण्णांनी, म्हणजे मधलीच्या आजोबांनी, गॅरेज काढलं तेव्हा ते फाटकात उभे राहत आणि गाड्या नाकाने आत येत. अण्णांच्या डाव्या हाताला येई ती डावी बाजू. गाडीत बसून समोर पाहिलं तर तीच उजवी, पण गाडीत बसायला अण्णांना वेळ कुठे होता? त्यांनी आयुष्यभर गाड्या समोरूनच पाहिल्या. दोन्ही मुलं आणि मुलगी हीच भाषा शिकली, हाताखालची माणसंही शिकली, आणि अण्णा गेल्यावरही गॅरेजात डावं-उजवं त्यांच्याच नजरेने चालत राहिलं. सुटे भाग विकणारा जुना दुकानदारसुद्धा फोनवर विचारायचा, "गाडीची डावी का अण्णांची डावी?"

"पण मी तर मुद्दाम उजवा म्हणालो," बाबा सावकाश म्हणाले. पत्रा अजून त्यांच्या हातात होता. "पोर कंपनीत शिकायला गेलीय, तिथे गाडीत बसून बघतात. म्हटलं, आपली भाषा तिच्या डोक्यात घुसडायला नको. तुझ्या भाषेत बोललो होतो ग."

"आणि मी तुमच्या भाषेत ऐकलं. मला वाटलं, बाबा उजवा म्हणतायत म्हणजे अण्णांची उजवी. म्हणजे गाडीची डावी."

"विचारायचंस तरी."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. दोन महिने शिकली आणि आता बापाला डावं-उजवं विचारते, असं."

आत्या टायरच्या चळतीवर बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. "दोघांनी एकमेकांचं मन राखलं," ती कशीबशी म्हणाली, "आणि पत्र्याचं वाटोळं केलं."

"हसू नकोस," काका म्हणाला.

"मग काय करू?"

"इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

"तू रोज उघडून बघत होतास ना, बाळ्या?"

"मी तारीख बघत होतो."

"तेच. सगळे तारखेकडे बघत होतो. बाजूकडे कोण बघतंय?"

काका काचेच्या खोलीपर्यंत गेला आणि परत आला. येताना त्याने जमिनीवरची निळी रेघ ओलांडली, पण तिच्यावर पाय पडू दिला नाही. गवंड्याने शुक्रवारी दोरी रंगवून मारलेली ती रेघ फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेली होती. उद्या सकाळी तिच्यावर मधल्या भिंतीच्या विटांचा पहिला थर लागायचा होता. अलीकडे बाबांचं लोखंडकाम: जॅक, खेचायचा सापळा, अण्णांच्या हातोड्या. पलीकडे कंपनीने मान्यता दिलेल्या ॲल्युमिनियमच्या कामासाठी काकाची काचेची खोली, जिथे लोखंडाचा कणही न्यायचा नाही, आणि आत्याचा रंगाचा बूथ. वाटणी कागदावर अजून झाली नव्हती, बोलण्यात झाली होती. फक्त मधलीचं टेबल बरोबर रेघेवर होतं. काकाने दोन दिवसांत दोनदा विचारलं होतं, "तुझं टेबल कुठे सरकवायचं ते सांग." बाबांनी एकदाही विचारलं नव्हतं. दुसरं जास्त जड होतं.

"उजवा मागवायचा म्हणजे पुन्हा तेवढेच महिने," काका म्हणाला. "बाई थांबणार नाहीत. पहिलीच गाडी आहे ही आपली. दुसऱ्या गॅरेजात गेली की कंपनी मान्यता काढून घेणार, आणि तिकडच्या खोलीत आपण कांदे-बटाटे साठवायचे. दादा, तुला सांगतो, राग मानू नकोस. मी वेगळं व्हायचं म्हणतो ते ह्यासाठीच. अण्णांची डावी, अण्णांची उजवी, अण्णांची हातोडी. बाहेर जग गाडीत बसलंय रे."

"मी कुठे अडवलं तुला?" बाबा म्हणाले.

"अडवलं नाहीस. खोलीत पाऊलही टाकलं नाहीस."

"बूट बदला, कपडे बदला, हात तीनदा धुवा. मी काय ऑपरेशनला आलोय?"

"बघ. हेच."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. काकाने शर्टाची कॉलर सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बोलायचं मी. कंपनीने चुकीची बाजू पाठवली, एवढंच. कुणी तोंड उघडू नका."

गाडीच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. पहिल्या दिवशी आत्याने त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही डेंटिस्ट, आम्ही डेंटर. फरक एवढाच की तुम्ही भूल देता." त्या हसल्या होत्या. आज त्या भाड्याच्या लहान गाडीतून उतरल्या आणि थेट खोक्यापाशी आल्या.

"आला म्हणे एकदाचा."

"आला," काका म्हणाला, "पण काय झालंय डॉक्टरबाई, कंपनीने..."

"कंपनीने नाही," आत्या टायरवरूनच म्हणाली. "आम्ही."

काकाने तिच्याकडे असं पाहिलं की भिंत आत्ताच बांधून झाली असती. आत्याचा बूथ त्याच्या बाजूला जायचा होता. त्याने तिला पक्कं आपल्यात धरलं होतं.

"बाळ्या, मी पुट्टी मारते, थापा नाही मारत," ती म्हणाली. "आणि ऑर्डर ह्यांच्या विमा कंपनीकडेही गेलीय. उद्या कुणी शेवटचा आकडा बघितला म्हणजे?"

मग मधलीने सगळं सांगितलं. फाटकात उभे राहणारे अण्णा, फोनवरचं उजवा, ऑर्डरमधलं डावा. सांगताना तिला जाणवलं की आपण हातवारे करत दोनदा स्वतःभोवती फिरलो. बाई पत्र्यावर वाकून ऐकत होत्या.

"आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात," त्या शेवटी म्हणाल्या. "पेशंट समोर बसलेला असतो. त्याची डावी दाढ आमच्या उजव्या हाताला. तरी म्हणायचं डावीच. डावं-उजवं तोंडाच्या मालकाचं, डॉक्टरचं नाही."

"आणि चुकलं तर?" आत्याने विचारलं.

"चांगला दात जातो." त्यांनी पत्र्याच्या भोकातून बोट घालून काढलं. "खरं सांगितलंत हे बरं केलंत. पण मी थकलेय. रोज क्लिनिकला ह्या डबीतून जाते, पाठ मोडते. मी दुसरीकडे बोलून ठेवलंय. उद्या सकाळी गाडी न्यायला ट्रक येईल."

"डॉक्टरबाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज त्या बाईंनी आज पहिल्यांदाच ऐकला. "तिकडेही पत्रा कारखान्यातूनच येणार."

"हो. पण तिथे वाट बघताना मला निदान नवी आशा असेल."

"पोचा निघाला तर?"

काका फटकन म्हणाला, "दादा, तो विषय झालाय. बदलायचाच ठरलाय तो."

"तू ठरवलंस. नवा पत्रा लावला की कंपनीला छान दिसेल म्हणून. पुस्तकात काय आहे ते मधलीला विचार."

मधलीला सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्यासारख्या वाटल्या. टेबल कुठे ठेवायचं ह्या प्रश्नाचंच हे दुसरं रूप होतं. पण ह्या प्रश्नाला निदान उत्तर होतं.

"पुस्तकात आहे की पत्रा फाटलेला नसेल, चिरलेला नसेल, तर तो ओढून सरळ करायला परवानगी आहे," ती म्हणाली. "उष्णता द्यायची, पण एकशे वीस अंशांच्या आत, कारण बाजूच्या सांध्यातला गोंद त्यावर मरतो. आणि दार आणि क्वार्टर यांच्यामधली फट चार मिलिमीटर हवी. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो."

"आत्ता किती आहे?"

"वर-खाली ठीक आहे. मध्ये पोच्याने कड दाराकडे ढकललीय. दोन."

"चिरलाय का?"

"माहीत नाही. तपासलं पाहिजे."

"मग तपास की," बाई म्हणाल्या, आणि टायरच्या चळतीवर आत्याशेजारी जाऊन बसल्या. "ट्रक काय, रिकामाही परत जातो."

काकाने जमिनीवरच्या निळ्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक. बघू या. पण साडेतीनच्या खाली केसभर जरी राहिली तरी गाडी ट्रकवर आणि गवंडी रेघेवर. पुन्हा चर्चा नाही."

"आणि साडेतीन भरली तर?" आत्याने विचारलं.

"तर गवंड्याला मी फोन करतो. नको म्हणून."

बाबांनी पत्रा पुठ्ठ्यावर ठेवला, अण्णांची हातोडी ज्या खिळ्याला टांगलेली असे त्याच्याकडे हात नेला आणि हात तसाच मागे घेतला. काचेच्या खोलीच्या दाराशी त्यांनी बूट काढले. मधलीने दिलेला पांढरा डगला घातला. तो पोटावर बसेना. काकाने स्वतःचा मोठा डगला खुंटीवरून काढून दिला. मग बाबांनी हात धुतले. तीनदा. तिसऱ्यांदा धुताना ते मधलीकडे बघत होते, मोजतेय का म्हणून. ती मोजत होती.

चिरा शोधायचा लाल द्रव तिने पोच्यावर फवारला, थांबली, पुसला आणि वर पांढरा थर मारला. चीर असती तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. सगळे काचेला नाक लावून उभे राहिले. पांढरं पांढरंच राहिलं.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

बाबांनी तळवा पोच्यावरून फिरवला, डोळे मिटून. "लोखंड सांगतं," ते म्हणाले, "आता सोडलंस तर मी एवढा मागे येईन. हे गप्प बसतं. तापलंय की नाही तेही कळत नाही. रंग बदलत नाही ह्याचा."

"ते मी सांगते. तुम्ही फक्त हात द्या."

गोंदाने चिकटवायचे खुंटे तिने पोच्याच्या कडेने लावले, मध्ये नाही, कारण बाबा म्हणाले की पोचा ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट क्रमाने बाहेर येतो, आधी कड, मग पोट. हे पुस्तकात नव्हतं. पण त्यांनी नेहमीसारखा झटका देऊन खेचायला घेतलं तेव्हा तिने हात धरला. हा पत्रा झटक्याने फाटतो, आणि हे पुस्तकात होतं. मग त्यांनी सावकाश ताणून धरलं आणि तिने गरम हवा सोडली.

"नव्वद. शंभर. एकशे पाच. एकशे दहा. बस."

"अजून जरा."

"बस म्हटलं ना, बाबा."

त्यांनी ताण धरून ठेवला आणि लाकडी हातोडीने कडेवर हलकेच टकटक केली. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला एक खुंटा निसटून काचेवर आपटला आणि काका दचकून मागे सरला. आत्या बाहेरून म्हणाली, "बाळ्या, तुझाच दात काढतायत वाटतं." चौथ्या खेपेला आतून टक् असा बारीक आवाज आला. बाबा थांबले. तो आवाज चांगला की वाईट हे त्यांना लोखंडात कळलं असतं.

"चिरला?"

मधलीने पुन्हा लाल, पुन्हा पांढरं केलं. पांढरंच.

दुपार कलली तसे बाबा बोलायला लागले, कामातलंच, तुटक. इथे उंच आहे. इथे दाब. सांभाळ, बाजूला गोंद आहे. एकदा ते म्हणाले, "उजवीकडून धर," आणि मधली जागीच थांबली. तेही थांबले.

"कुणाची?" तिने विचारलं.

बाबांनी गाडीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "दाराकडून," ते म्हणाले. "दाराकडून धर."

बाई मध्येच उठून काचेजवळ येत आणि परत जात. आत्याने त्यांना चहा दिला, स्वतःही घेतला आणि काकाचा कप काचेच्या कडेवर ठेवून दिला. तो कधी रिकामा झाला हे कुणी पाहिलं नाही. बाहेर फाटकाची सावली निळ्या रेघेपर्यंत आली आणि तिच्यावरून पुढे गेली.

शेवटी बाबांनी हातोडी खाली ठेवली. "ह्याच्यापुढे मी हात लावला तर बिघडेल."

"मग मोजू," मधली म्हणाली.

"मी मोजतो," काका म्हणाला. त्याने दारात बूट काढले. डगला बाबांच्या अंगावर होता, म्हणून त्याने बाबांना न बसलेला आखूड घातला, बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. हात धुतले. मधलीने फट मोजायचं गेज पुसून त्याच्या हातात दिलं आणि मागचं दार हलकेच लावलं. ते बरोबर आवाज करून बसलं.

तिने कागद घेतला, वर तारीख टाकली.

"बाजू?" तिने विचारलं.

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबा दाराच्या काचेतून आत, रिकाम्या सीटकडे बघत होते.

"गाडीची उजवी," ते म्हणाले.

काका वाकला. गेज फटीत वर घातलं, वाचलं. खाली घातलं, वाचलं. मग मध्ये घातलं आणि तिथे दोनदा वाचलं.

"वर चार पूर्णांक एक," तो म्हणाला. "खाली चार. मध्ये तीन पूर्णांक सहा."